हिरवी डासीण

बाईंच्या फ्रीजमध्ये मी कधी दूध पाहिलं नाही. त्यांचं दूध आमच्या फ्रीजमध्ये असायचं. वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी साडेसहाला त्या दोन जिने चढून यायच्या, आमच्या फ्रीजमधली आपली पिशवी काढायच्या, कपभर दूध पातेलीत ओतून घ्यायच्या आणि पिशवीच्या तोंडाला कपड्यांचा चिमटा लावून परत ठेवायच्या. माझ्या बायकोने एकदा हळूच विचारलं, की बाई, तुमचा फ्रीज बिघडलाय का, हे मेकॅनिकला सांगतील. बाई म्हणाल्या, फ्रीज उत्तम आहे, पण त्यात बुरशी आहे. बायकोला वाटलं बाईंना दुधाची काळजी आहे. तसं काही नव्हतं. दूध नासलं तर दुसरी पिशवी आणता येते, पण दुधापायी बुरशी नासली तर ती कुठून आणायची, असा त्यांचा विचार होता.

ही बुरशी म्हणजे पावावर येते ती नव्हे. ही किडे मारणारी. तिची भुकटी किड्याच्या पायाला लागली की ती तिथे रुजते, कातडीला भोक पाडून आत शिरते, आतून किडा खाते आणि तो मेला की त्याच्या अंगावर हिरवी लव बनून बाहेर येते. पिकाची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या मारायला शेतकरी हिचीच भावंडं शेतात टाकतात. बाईंना ती डासांवर वापरायची होती. निवृत्तीनंतरची अकरा वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही असं म्हटलं तरी चालेल.

मी त्यांना ओळखायचो ते मात्र त्याच्याही आधीपासून. डोंबिवलीच्या कॉलेजात अकरावी-बारावीला त्या आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या. उंच, हडकुळ्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये रुमाल, छत्री आणि एक काचेची नळी. नळीला रबरी नळी जोडलेली, मध्ये जाळीचा तुकडा. रबराचं टोक तोंडात धरून हवा ओढली की भिंतीवर बसलेला डास अलगद काचेत येतो. ही नळी त्या लग्नाकार्यातही काढायच्या. माझ्या स्वतःच्या लग्नात, माजिवड्याच्या हॉलवर, मंगलाष्टकं चालू असताना बाई खांबाशी उभ्या राहून काहीतरी ओढत होत्या. माझ्या सासऱ्यांचा समज झाला की मुलाकडची एक बाई विडी पिते. तो समज दूर करण्यात माझा पहिला दिवाळसण गेला.

कुणी त्यांच्यासमोर फटकन डास मारला की त्या शांतपणे विचारायच्या, "वय काय होतं तिचं?"

तिचं, कारण चावते ती मादी. बाई तिला डासीण म्हणायच्या. नर बिचारा फुलातला रस पिऊन जगतो, त्याच्या नावाने शंख करू नका, असं त्यांचं सांगणं असायचं. आणि वय विचारायचं कारण त्या वर्गात इतक्यांदा सांगायच्या की अजून पाठ आहे. डासीण जन्मतः आजारी नसते. तापाच्या माणसाला चावते तेव्हा जंतू तिच्या पोटात जातो, आणि तिथून तिच्या लाळेत उतरायला त्याला आठ-दहा दिवस लागतात. तेवढी ती जगली तरच दुसऱ्याला ताप देते. म्हणजे तरुण डासीण नुसती चावते, आजार वाटते ती म्हातारी. बाईंची बुरशी डासिणीला आठवडाभराने मारायची. लोकांना हे पटायचं नाही. फवारलं की टपाटप पडले पाहिजेत, हे काय आठवडाभराने. बाई म्हणायच्या, "मला डास मारायचे नाहीत. मला त्यांना म्हातारं होऊ द्यायचं नाही."

हे वाक्य त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर उभ्या राहून बोलायच्या आणि स्वतःच हसायच्या.

आता डब्याचं सांगतो, कारण त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही. बारावीत असताना वनस्पती गोळा करायला आमची सहल निघाली होती. ऑगस्टचा महिना. शीळफाट्याला ट्रॅफिक असं तुंबलेलं की ड्रायव्हरने इंजिन बंद करून पाय वर घेतले. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. अचानक उठल्या, दार उघडायला लावलं आणि दोन ट्रकांच्या मधून रस्त्याकडेच्या गवतात शिरल्या. गवताच्या टोकाला एक नाकतोडा बसला होता. बसला होता म्हणजे मेला होता, पण पात्याला पाय घट्ट आवळून. अंगभर हिरवी लव. आम्ही सगळे खिडक्यांतून बघतोय आणि बाई त्या नाकतोड्याकडे अशा बघतायत, की कुणीतरी फार दिवसांनी भेटलंय.

परत आल्या आणि म्हणाल्या, "डबा द्या कुणीतरी. स्टीलचा, घट्ट झाकणाचा."

पुढच्या सीटवर मी होतो. माझ्या आईने पोळी आणि बटाट्याची भाजी दिली होती. बाईंनी ती काढून माझ्या हातावर ठेवली, डबा पुसला आणि नाकतोडा आत ठेवून झाकण लावलं. झाकणावर आईचं नाव कोरलेलं होतं, लग्नात मिळालेल्या सेटमधला डबा तो. काम झालं की परत देते, असं बाई म्हणाल्या.

आईने त्या दिवसापासून डब्याची आठवण काढली नाही असा महिना गेला नाही. सेटमधले बाकीचे पाच डबे फडताळात ओळीने असायचे आणि सहाव्याची जागा रिकामी. माझी बारावी झाली, नोकरी लागली, लग्न झालं, मी डोंबिवली सोडून ठाण्याला आलो, तरी आई फोनवर विचारायची, "तुझ्या बाई भेटल्या का रे? डब्याचं काय झालं?" निवृत्त होऊन बाई नेमक्या आमच्याच इमारतीत राहायला आल्या तेव्हा तिला वाटलं आता तरी सुटला डबा. मी बाईंना विचारलं. त्यांनी कपाटातून काढून दाखवला. लख्ख घासलेला होता, आत ओला टीपकागद अंथरलेला. म्हणाल्या, "काम कुठे झालंय अजून?"

त्या एका नाकतोड्यापासून त्यांनी बुरशी वाढवली होती आणि इतकी वर्षं काचेच्या नळ्यांत, पॅराफिनच्या तेलाखाली जिवंत ठेवली होती. नळ्यांवर चिठ्ठी असायची, तिच्यावर एकच शब्द, 'शीळ'. जास्त लागली की त्या तांदूळ उकडायच्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून कुकरला चार शिट्ट्यांऐवजी तासभर वाफ द्यायच्या आणि थंड झाल्यावर त्यात थोडी शीळ सोडायच्या. दहा-बारा दिवसांत भात हिरवागार. तो सुकवून चाळला की मेंदीसारखी भुकटी निघते. ती तेलात कालवून काळ्या कापडाला ब्रशने लावायची आणि कापड अंधाऱ्या कोपऱ्यात टांगायचं, कारण डासिणीला विसाव्याला काळोख लागतो.

त्या हिरव्या भाताच्या पिशव्या आमच्या सोसायटीत गाजल्या. मी तेव्हा सेक्रेटरी. तक्रारींचा इतका मारा झाला की मला बाईंना नोटीस काढावी लागली. 'घातक बुरशीचे प्रयोग त्वरित बंद करावेत' असं मी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुधाला आल्या तेव्हा त्यांनी नोटीस परत दिली. 'घातक' शब्दाखाली लाल रेघ आणि समासात प्रश्न, 'कोणाला?' मी ओशाळलो. त्या रविवारी त्यांनी मला खाली बोलावून अख्खा कारभार दाखवला, आणि मी जो अडकलो तो अडकलोच. तिथपासून दर शनिवारी तांदूळ चाळायला मी तळमजल्यावर.

घरच्या पिंजऱ्यात बुरशी काम करते हे बाईंनी कितीदा तरी पाहिलं होतं. पिंजरा म्हणजे मच्छरदाणीचं कापड लावलेला लाकडी सांगाडा. त्यात अंड्यांपासून वाढवलेल्या डासिणी, बाहेरचं रक्त कधी न चाखलेल्या. त्यांना अंडी घालायला रक्त लागतं म्हणून बाई संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या लागल्या की बाही वर करून हात पिंजऱ्यात घालायच्या आणि बातम्या संपल्या की काढायच्या. एकदा निवडणुकीचे निकाल होते, बातम्या लांबल्या. बाईंचा हात कोपरापर्यंत सुजला होता, पण निकालावरचं त्यांचं मत अगदी स्पष्ट होतं.

पण पिंजऱ्यातलं खरं ते बाहेर खरं ठरतंच असं नाही. आमच्या प्रभागाचे आरोग्य अधिकारी हेच म्हणाले. भला माणूस, बाईंचं दोन तास ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, लोकांच्या घरात, उघड्यावर, तुमच्या बुरशीने मेलेली एक डासीण मला दाखवा. एक. मग पुढचं माझ्याकडे लागलं." आणि त्यांनी खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या बावीस घरांसाठी दोन महिन्यांची परवानगी लिहून दिली.

एक हिरवी डासीण. बाईंना तेवढंच पाहिजे होतं.

कोळीवाड्यात आमची ओळख चांगुणा मावशीशी. सोसायटीत मासे विकायला यायची आणि बाईंशी तिचं जमायचं, कारण बाई मासे घ्यायच्या नाहीत पण सुरमईचे कल्ले उघडून तिच्याशी तासभर बोलायच्या. बाईंनी ठरवलं, कापड नुसतं टांगण्यापेक्षा मातीच्या मडक्यात आतून बुरशी लावावी, मडकं थंड राहतं. कुंभाराकडून बावीस मडकी आणली. आता मडक्यात पावसाचं पाणी साठलं तर त्यातच डास व्हायचे, म्हणून प्रत्येकाला भोकं हवीत. ती मी पाडली. माझ्या ड्रिल मशीनने, पट्टी लावून, अंतर मोजून, प्रत्येकी तीन. एकही मडकं फुटलं नाही म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. टेम्पोतून नेऊन आम्ही ती भल्या सकाळी दारोदार ठेवली.

अर्ध्या तासात चांगुणा मावशी कमरेवर हात ठेवून समोर उभी.

"बाय, माझे घरान कोन मेलंय?"

बाईंना कळेना. मलाही क्षणभर कळलं नाही, आणि मग आठवलं. तीन भोकांचं मडकं. वडिलांच्या वेळी मीच ते पाणी भरून खांद्यावर घेतलं होतं, चितेभोवती तीन फेऱ्या मारल्या होत्या, प्रत्येक फेरीला मागून कुणीतरी एकेक भोक पाडलं होतं. आणि तेच मडकं मी ड्रिलने तयार करून बावीस नांदत्या घरांच्या दाराशी ठेवून आलो होतो. तोवर पंचवीस-तीस बायका जमल्या. एकीचा नवरा त्याच पहाटे बोट घेऊन समुद्रात गेलेला. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं मला अजून आठवतं.

दुसरं कुणी असतं तर त्यांना शास्त्र समजावत बसलं असतं. बाईंनी बूट काढले. त्या बाईसमोर जाऊन म्हणाल्या, "चूक माझी. मी फक्त डासिणीचा विचार केला, तुमचा केला नाही." मग पदर खोचला आणि एकेक मडकं उचलून स्वतः टेम्पोत ठेवू लागल्या. मला हात लावू दिला नाही. बावीसच्या बावीस. शेवटचं ठेवून झाल्यावर त्या तिथेच कट्ट्यावर बसल्या आणि चांगुणा मावशीला विचारलं, की मग तुमच्या घरात थंड आणि काळोखी अशी कोणती वस्तू असते, जिला बघून कुणाला भीती वाटणार नाही.

मावशीने आत जाऊन माशांची जुनी टोपली आणली आणि बाईंच्या पायाशी पालथी घातली.

टोपलीला आतून काळं कापड, कापडाला बुरशी. पाणी साठायचा प्रश्न नाही, भोकाचा नाही. संध्याकाळी त्या बाईच्या नवऱ्याची बोट सुखरूप परत आली आणि दुसऱ्या आठवड्यात बावीस घरांत बावीस टोपल्या लागल्या. बाईंनी वहीत लिहिलं, 'मडक्यापेक्षा टोपली बरी. सूचना : चांगुणा.'

काम पुढे असं होतं. टोपल्या लावून तीन आठवडे झाले की एका रविवारी सकाळी घराघरांतून नळीने डासिणी पकडायच्या, वेगवेगळ्या काचेच्या ग्लासात ठेवायच्या, साखरपाण्याचा बोळा द्यायचा. जी मरेल ती ओल्या टीपकागदावर ठेवायची. बुरशीने मेली असेल तर पाच-सहा दिवसांत अंगावर हिरवी लव येते. नसेल तर नाही. एवढी साधी परीक्षा.

तो रविवार यायच्या आधी कोळीवाड्यात तापाची साथ आली. चांगुणा मावशी अंथरुणाला खिळली, हिवताप निघाला. मी तिला बघायला गेलो तर ती दोन गोधड्यांखाली थडथड कापत होती. मला राहवलं नाही. पालिकेत माझा एक मित्र आहे, त्याला फोन लावला आणि शनिवारी संध्याकाळी धुराची गाडी मागवली. गाडी आली तेव्हा मी स्वतः पुढे होऊन गल्ल्या दाखवल्या. बाईंना सांगितलं नाही. का, तर त्या नको म्हणतील असं मला वाटलं. त्यांचा प्रयोग आणि मावशीचा ताप यांत त्या काय निवडतील याची मला खात्री नव्हती, हे आज लिहितानाही मान खाली जाते.

रविवारी बाई नळी घेऊन बावीस घरं फिरल्या. एक डासीण मिळाली नाही. बायका मात्र खूश. तुमच्या टोपल्यांनी डास गेले बघा, म्हणून कुणी चहा दिला, कुणी बाईंच्या हातावर साखर ठेवली. सोमवारी अधिकारी आले. त्यांनीही दोन-चार घरांत डोकावलं, बायकांचं ऐकलं आणि म्हणाले, बाई, मानलं तुम्हाला, पत्र तयार करतो, अख्ख्या प्रभागात लावू.

अकरा वर्षं ज्यासाठी घालवली ते समोर ताटात वाढून आलं होतं. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. मी तर मनातल्या मनात देवाला हात जोडले.

बाई उभ्या राहिल्या. "साहेब, हे माझं काम नाही. परवा इथे धूर मारलाय. डास धुराने गेलेत, आठवड्याभरात परत येतील. माझ्या टोपल्यांनी एकही मेल्याचा पुरावा माझ्याकडे नाही."

अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. म्हणाले, बाई, मुदत संपत आलीय, पुराव्याशिवाय मी वाढवू शकत नाही, नियम माझ्या हातात नाहीत. बाई म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं.

परत येताना रिक्षात मी सांगून टाकलं. गाडी मीच बोलावली होती.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "काल सकाळी तुझ्या रेनकोटला डिझेलचा वास येत होता."

मग त्यांनी नळी काढून मांडीवर ठेवली. "तापाचं माणूस पाहून गाडी बोलावलीस, त्यात काही चुकलं नाही तुझं. मीही बोलावली असती. मला सांगितलं असतंस तर शनिवारी सकाळीच डासिणी पकडून घेतल्या असत्या, एवढंच."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चाळिशी ओलांडलेला माणूस मी, रिक्षात रडलो. बाईंनी पर्समधून रुमाल काढून दिला आणि म्हणाल्या, नळीवर सांडू नकोस.

परवानगी संपली तेव्हा टोपल्या काढायला आम्ही कोळीवाड्यात गेलो. चांगुणा मावशी बरी झाली होती, बारीक झाली होती, आवाज तोच. तिने टोपलीला हात लावू दिला नाही.

"टोपल्या आमच्या, घरां आमची. आमचे टोपलीला परमिशन कोन देनार?"

बाईंनी वही काढून लिहिलं, 'परवानगी : चांगुणा.'

संकट तिथे संपलं नव्हतं. त्याच सुमाराला शीळ मंदावली. घरच्या पिंजऱ्यात जी डासीण आठवड्यात मरायची ती पंधरा-सतरा दिवस जगायला लागली. बाईंनी वही चाळली आणि कपाळावर हात मारला. गेल्या दोन वर्षांत आम्ही तिला नुसत्या भातावर वाढवत होतो. आयता भात मिळाल्यावर बुरशीला कातडी फोडायचं कारण राहत नाही, ती आळसावते. तिला पुन्हा किड्यावर सोडावी लागते. मेलेल्या किड्यावरची लव घ्यायची, ती दुसऱ्या किड्याला द्यायची, त्याची तिसऱ्याला. मग ती परत कामाला येते.

"तुझ्यासारखंच," बाई मला म्हणाल्या. "तूही भातावर वाढलायस."

आम्ही कोंड्याच्या बरणीत अळ्या वाढवल्या, अळ्यांवरून बुरशी डासिणींवर आणली. दिवाळीला सुरू केलं ते होळी आली तरी चालू होतं. पाचव्या फेरीला डासिणी पुन्हा आठवड्यात मरायला लागल्या. बाई त्या दिवशी दूध न्यायला आल्या आणि चहा आमच्याकडेच प्यायल्या, हे त्यांच्या हिशेबी मोठं सेलिब्रेशन.

नव्या शीळेच्या टोपल्या लागल्या. पावसाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी, धुराची गाडी आली नसल्याची बाईंनी मला तीनदा शपथ घ्यायला लावल्यावर, आम्ही डासिणी पकडल्या. चाळीसच्या वर मिळाल्या. दुसऱ्या दिवशी बाई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

माजिवड्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशनला नेताना त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, मृत्युपत्र वगैरे. त्या म्हणाल्या, बोळे रोज बदल, कागद ओला ठेव पण थबथबीत नको, आणि भिंग कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे. मेलेल्या डासिणी ठेवायला आईचा डबा घे, त्याचं झाकण घट्ट आहे.

मी ऑफिसात रजा टाकली. रोज सकाळी डबा उघडायचा, भिंग लावायचं. मेलेल्या डासिणी ओळीने, प्रत्येकीखाली घराचा नंबर. काही नाही. परत काही नाही. अकराव्या दिवशी, सात नंबरच्या घरची, चांगुणा मावशीच्या घरची, तिच्या पायाच्या सांध्याशी पांढरट दोरा दिसला. बाराव्या दिवशी तो दोरा फुलला होता. तेराव्या दिवशी तिच्या छातीवर हिरवी लव होती, शीळफाट्याच्या त्या नाकतोड्यावर होती तीच.

मी डबा छातीशी धरून रिक्षाने हॉस्पिटलात गेलो. नर्सने विचारलं काय आणलंय, मी म्हटलं घरचं जेवण. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. भिंग लावून त्यांनी इतका वेळ पाहिलं की शेजारच्या पलंगावरची बाईही वाकून बघायला लागली. मी म्हटलं, "बाई, झालं. आता डबा आईला परत देऊ ना?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "एक म्हणजे चुकूनही होऊ शकतं. काम कुठे झालंय अजून?"

पण झाकण लावताना त्या झाकणावरून, आईच्या नावावरून, अंगठा फिरवत राहिल्या.

त्या खेपेत आणखी पाच हिरव्या झाल्या. अधिकाऱ्यांनी त्या स्वतः भिंगातून पाहिल्या आणि शब्द पाळला. परवानगी आली, आणखी साठ घरांची. पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. हाड जुळलं, पण छातीत कफ झाला आणि बाई त्यातून उठल्या नाहीत. गेल्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आधी. कोळीवाड्यातून बायका आल्या होत्या. बाईंना अग्नी मी दिला. मडकं खांद्यावर घेतलं तेव्हा पहिल्या भोकातून पाणी पाठीवर आलं आणि मला एकदम त्या बावीस मडक्यांचं हसू आलं, आणि हसता हसता मी हमसून रडलो. एकट्या चांगुणा मावशीला ते कळलं.

बाईंनी कपाटावर माझ्या नावाची चिठ्ठी ठेवली होती. नळ्या, वह्या, भिंग, सगळं मला. डब्यावर वेगळी चिठ्ठी होती, 'आईंना द्यावा. आभार आणि उशिराबद्दल क्षमा.'

मी डबा उकळत्या पाण्याने धुतला, चिंचेने घासला आणि रविवारी डोंबिवलीला गेलो. आई आता फारशी उठत नाही. तिच्या हातात डबा दिला, चिठ्ठी वाचून दाखवली. तिने झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं, आपलं नाव चष्म्याजवळ धरून पाहिलं. फडताळात पाच डब्यांशेजारची जागा अजून रिकामीच होती.

"झालं का रे त्यांचं काम?" तिने विचारलं.

मी म्हटलं, साठ घरांत टोपल्या लावायच्यात अजून. पुढच्या रविवारी डासिणी पकडायच्यात.

आईने डबा माझ्या पिशवीत परत ठेवला.

"मग एवढ्यात कशाला आणलास?"